ओव्हर कमी केल्याने खेळाडू वाढतात का? ऑस्ट्रेलियातल्या गावाकडच्या क्रिकेटचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही ४९१ व्हिसावर (महानगरांबाहेर राहायची अट असलेल्या) व्हिक्टोरियात, बेंडिगोच्या उत्तरेकडच्या गहू पिकवणाऱ्या भागात राहायला आलो. गावच्या क्लबात खेळता खेळता सेक्रेटरीपद गळ्यात पडलं. कागदावर २६ खेळाडू आणि दोन संघ आहेत, पण मागच्या मोसमात बी ग्रेडचे, म्हणजे दुसऱ्या संघाचे, सामने सोडून द्यावे लागले. आता असोसिएशनच्या सभेत दोन दिवसांचे सामने बंद करून सगळं ४० ओव्हरचं करायचा ठराव येतोय. जुनी मंडळी विरोधात आहेत. मत कुठे द्यावं, आणि खेळाडू आणायचे कुठून?"

ठराव जसाच्या तसा मंजूर झाला तरी तुमच्या बी ग्रेडचं दुखणं जाणार नाही, हे आधीच सांगतो. विरोधात मत देऊन गप्प बसण्यातही अर्थ नाही. दुरुस्ती सुचवा, आणि ती दोन ग्रेडसाठी वेगवेगळी असू द्या. ए ग्रेडची अडचण वेगळी, बी ग्रेडची वेगळी. ठरावात दोघांना एकाच मापाने मोजलंय, घोळ तिथेच आहे.

आधी घड्याळ बघू. शनिवारच्या क्रिकेटमध्ये एका ओव्हरला पावणेचार मिनिटं धरा. दोन दिवसांच्या सामन्यात एका शनिवारी ७५ ओव्हर होतात, म्हणजे ४ तास ४० मिनिटं, वर वीस मिनिटांचा टी. दुपारी एकला सुरू झालेला खेळ सहाच्या सुमारास संपतो. ४० ओव्हरच्या सामन्यात दोन्ही डाव मिळून ८० ओव्हर, म्हणजे ५ तास, अधिक मधली वीस मिनिटं. खेळ संपायला सहा वाजून वीस मिनिटं होतात. म्हणजे सामना 'छोटा' केला आणि शनिवार वीस मिनिटांनी लांबला! बायको-मुलांना वेळ देता येत नाही म्हणून जो खेळायचा थांबला, त्याला या ठरावातून काहीच मिळत नाही. वेळ खरोखर वाचतो तो ३० ओव्हरला: ६० ओव्हर, पावणेचार तास, पंधरा मिनिटांची विश्रांती, पाच वाजता घरी. टी-२० असेल तर पावणेतीन तासांत सगळं आटोपतं.

मग ४० ओव्हरचा फायदा काही नाहीच का? आहे, पण तो तासांचा नाही, लागोपाठच्या दोन शनिवारांचा आहे. दोन दिवसांच्या सामन्याला खेळाडू दोन्ही शनिवारी हवा असतो. हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात शिफ्ट करणाऱ्याला, खाणीत पाळी असणाऱ्याला एक शनिवार मोकळा मिळतो, दोन लागोपाठ मिळतीलच असं नाही. मग कॅप्टन त्याला घेतच नाही, आणि दोन-तीनदा असं झालं की तो विचारायलाही येत नाही. शिवाय पहिल्या शनिवारी चौथ्याच चेंडूवर बाद झालेल्या सलामीवीराचा विचार करा. उरलेली दुपार तो स्कोअरबुक घेऊन बसतो आणि पुढच्या शनिवारी पाच तास कव्हरला उभा राहतो. दोन शनिवार गेले आणि वाट्याला आले चार चेंडू. वयाच्या विशीत माणूस हे सोसतो, पस्तिशीत नाही.

गावाकडच्या क्रिकेटची ही लांबी जुन्या काळापासूनची आहे. ब्रॅडमन न्यू साउथ वेल्समध्ये बौरलकडून खेळत असताना १९२५ च्या डिसेंबरात विंगेलोविरुद्ध पहिल्या शनिवारअखेर २३४ वर नाबाद होता. पुढच्या शनिवारी बिल ओरायलीने (जो पुढे कसोटी खेळला) त्याला पहिल्याच चेंडूवर बोल्ड केला. त्याच मोसमात मॉस व्हेलविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने ३०० केल्या, आणि तो सामना पाच शनिवार चालला. त्या काळी शनिवारी दुपारी दुकानं बंद असत आणि गावात दुसरं करण्यासारखंही फारसं काही नसे. जुने लोक "आमच्या वेळी" म्हणतात तेव्हा त्यांच्या वेळचा शनिवार वेगळा होता, हे त्यांना शांतपणे सांगायला हरकत नाही.

आता तुमचे २६ खेळाडू. दोन पूर्ण संघांना दर शनिवारी २२ माणसं लागतात. लग्नं, शिफ्ट, सुगी, दुखापत हे सगळं धरून सरासरी ७० टक्के हजेरी मिळते असं समजा. २२ ला ०.७ ने भागलं की ३१-३२ येतात. दोन संघ निर्धास्त चालवायला तेवढी नोंदणी हवी. तुमच्याकडे २६ आहेत, म्हणजे शनिवारी साधारण १८ हजर. अकरा ए ग्रेडला गेले की बी ग्रेडला सात उरतात. अनेक स्पर्धांच्या नियमांत सातपेक्षा कमी खेळाडू असले की सामना सोडावा लागतो, म्हणजे तुम्ही दर आठवड्याला कड्यावर उभे आहात. एकाला ताप आला की खेळ खलास.

आणि हे नेहमी खालून ढासळतं. ए ग्रेडमधला एक गेला की बी मधला वर जातो, बी ला भोक पडतं. शिवाय बहुतेक ठिकाणी नियमच असा असतो की सामना सोडायचा झाला तर सर्वांत खालच्या ग्रेडचा सोडायचा. वरच्या स्पर्धेची इभ्रत राखायला तो ठीक आहे, पण त्याची किंमत चौदा वर्षांचा मुलगा आणि पंचेचाळीस वर्षांचा बाप मोजतात. बी ग्रेड म्हणजे या दोघांचं क्रिकेट. ते बंद पडलं की ए ग्रेडला त्याच मोसमात काही जाणवत नाही. जाणवतं चार-पाच वर्षांनी, जेव्हा तेच अकरा जण पस्तिशीत पोचलेले असतात आणि त्यांच्या मागे कोणीच नसतं.

खेळाडू गळतात कुठे ते वयाप्रमाणे पाहा. पहिली गळती सतरा-अठराला: बारावी झाली की मुलं मेलबर्न, जिलॉंग, बेंडिगोला शिकायला किंवा कामाला जातात. ही थांबवता येत नाही, तिच्यावर शक्ती घालवू नका. दुसरी अठ्ठावीस ते अडतीसच्या दरम्यान, मुलं लहान असताना. शनिवारी सकाळी मुलाचा सामना, दुपारी स्वतःचा, म्हणजे पूर्ण शनिवार मैदानात, आणि घरी दुसरं माणूस एकटं. ही गळती वेळ कमी केल्याने थांबते. तिसरी चौदा ते सोळाची, आणि हिच्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही. क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या ज्युनियर रचनेत पहिल्या टप्प्यात सात-सात मुलं १६ मीटरच्या पिचवर खेळतात, दुसऱ्यात नऊ-नऊ जण १८ मीटरवर. ठरावीक चेंडू खेळले की बॅट्समन बाहेर येतो, बोलिंग सगळ्यांना मिळते. असा सगळ्यांत वाटलेला खेळ खेळून मुलगा वर येतो आणि बी ग्रेडमध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर ठेवतात, फाइन लेगवरून फाइन लेगला पळवतात, एक ओव्हरही देत नाहीत. तीन शनिवार असे गेले की तो फुटबॉलकडे (ऑस्ट्रेलियन रूल्स) वळतो किंवा सुपरमार्केटमध्ये शनिवारची नोकरी धरतो. तिथे निदान पगार मिळतो.

म्हणून सामना छोटा करताना दुसरा हिशेब नजरेआड करू नका. दोन दिवसांच्या सामन्यात एका डावाला ४५० चेंडू असतात, ४० ओव्हरमध्ये २४०, टी-२० मध्ये १२०. सामना जितका आखूड, तितका तो खेळ चार चांगल्या बॅट्समनच्या आणि पाच बोलरांच्या हातात जातो. टी-२० मध्ये बोलरला चार ओव्हरची मर्यादा असली तरी पाच जण मिळून वीस ओव्हर पुरे करतात. उरलेल्या सहांत एक यष्टिरक्षक आणि दोन-तीन बॅट्समन. राहिलेल्या दोघा-तिघांच्या नशिबी फक्त चेंडू अडवणं. वेळ कापायचाच आहे, पण माणसाचा वाटा कापला तर छोट्या सामन्याने खेळाडू आणखी पटकन जातात. आणि कमिटीत त्याचं खापर मोबाइल फोनवर फुटतं.

बी ग्रेडसाठी मी काय सुचवेन ते आता नेमकं सांगतो. संघ नऊ-नऊ जणांचा. ११ जण आले तर ११ च्या ११ जणांची नावं द्या, बॅटिंग सगळे करतील, मैदानात एका वेळी नऊच. सामना ३० ओव्हरचा. बॅट्समन ४० धावांवर निवृत्त. बाकी सगळे बाद झाले तर निवृत्त झालेले त्याच क्रमाने परत येतील. एका बोलरला जास्तीत जास्त चार ओव्हर, म्हणजे ३० ओव्हरला किमान आठ बोलर लागणारच. नऊ जणांत यष्टिरक्षक सोडून सगळ्यांच्या हातात चेंडू पडतो. नऊ क्षेत्ररक्षकांना मोठं मैदान झेपत नाही, म्हणून बाउंड्री ५०-५५ मीटरवर आत घ्या, नाहीतर प्रत्येक फटक्यामागे कोणीतरी चाळीशीतला माणूस धावत राहील आणि ओव्हरला पाच मिनिटं लागतील.

वेळ वाचवायची आणखी एक युक्ती ज्युनियर क्रिकेटमधून उचला: सलग दहा ओव्हर एकाच टोकाने टाकायच्या. ओव्हर संपली की फिल्डिंग बदलत नाही, फक्त बॅट्समन टोकं बदलतात. दर ओव्हरमागे अर्धं मिनिट वाचलं तरी ६० ओव्हरमध्ये अर्धा तास होतो. हे सिंथेटिक पिचवरच (काँक्रीटवर कृत्रिम गवताचा गालिचा) करा. टर्फवर, म्हणजे खऱ्या गवत-मातीच्या पिचवर, एकच टोक झिजतं आणि पिच राखणारा क्युरेटर तुमच्याशी बोलणं टाकतो. सिंथेटिकवरही काँक्रीट जिथे संपतं तिथे बोलरच्या पावलांनी खड्डा पडतो. डाव संपला की माती भरून दाबून घ्या, नाहीतर घोटा मुरगळण्याची ती हमखास जागा.

या नियमांत पळवाटा निघतात, त्या आधीच बुजवा. मोसमाच्या शेवटी ए ग्रेडचे तगडे खेळाडू खाली आणून बी ग्रेडचा अंतिम सामना जिंकायचा मोह प्रत्येक क्लबाला होतो. अंतिम फेरीसाठी त्या ग्रेडमध्ये किमान चार सामने खेळलेले असावेत, अशी अट घाला. दुसरी पळवाट निवृत्तीची: ३८ वर असलेला सराईत बॅट्समन धाव घ्यायचं टाळत खेळपट्टीवर टिकून राहतो. धावांबरोबर चेंडूंचीही मर्यादा ठेवा, ४० धावा किंवा ५० चेंडू, जे आधी होईल ते.

ए ग्रेडचं गणित निराळं. तिथे दोन दिवसांचा सामना पूर्ण काढून टाकला तर काही गोष्टी खरोखर संपतात. स्पिनरला पंधरा-वीस ओव्हर सलग टाकायला मिळत नाहीत, आणि सहाव्या क्रमांकाच्या बॅट्समनला ओव्हर सरत चालल्याच्या दडपणाशिवाय तासभर उभं राहायला शिकता येत नाही. डाव घोषित करायचा की नाही, आउटराइटसाठी (दोन्ही डाव मिळून विजयासाठी) जायचं की पहिल्या डावावर समाधान मानायचं, हे कॅप्टनला ठरवावं लागत नाही. जॉश हेझलवूड टॅमवर्थजवळच्या बेंडेमीरचा, ग्लेन मॅग्रा नॅरोमाइनचा, पीटर सिडल लॅट्रोब खोऱ्यातला. गावाकडून वर गेलेल्यांची यादी बरीच मोठी आहे. ते केवळ दोन दिवसांच्या सामन्यांमुळे घडले असं मी म्हणणार नाही, पण लांब स्पेल टाकायची जागा शिल्लक असावी, या मागणीत भाबडेपणा नाही. जुन्या मंडळींचं इथे बरोबर आहे.

तेव्हा वेळापत्रक असं मांडा. आठ संघ आहेत असं धरू. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार ते नाताळ यांत, मेलबर्न कपची (घोड्यांच्या शर्यतीची) सुट्टी वगळून, साधारण दहा शनिवार मिळतात. सात फेऱ्या ४० ओव्हरच्या, प्रत्येकाशी एकदा. तीन शनिवार राखीव. राखीव शनिवार चैनीचे नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात मॅली आणि विमेराच्या बाजूला गव्हाची आणि बार्लीची सुगी असते, हार्वेस्टर सुरू झाला की शेतकरी दिवसचे दिवस त्यावरून उतरत नाही, आणि पाऊस येण्याचा अंदाज असेल तर मुळीच नाही. कडक उन्हात 'टोटल फायर बॅन' (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) लागला की गावातले निम्मे खेळाडू सीएफएचे (गावाकडच्या अग्निशमन दलाचे) स्वयंसेवक म्हणून अग्निशमन गाडीशेजारी तयारीत असतात. अशा शनिवारी सामना रेटून नेला तर दोन्हीकडचे सात-सात जण उन्हात होरपळतात.

नाताळानंतर आठ संघांचे दोन गट करा. वरचे चार एकमेकांशी तीन फेऱ्या दोन दिवसांच्या खेळतील: तीन फेऱ्या, सहा शनिवार. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारपासून धरले, ऑस्ट्रेलिया डेचा लांब वीकएंड सोडला, तर फेब्रुवारीअखेरपर्यंत हे बसतं; ज्या असोसिएशनचा संघ फेब्रुवारीत मेलबर्न कंट्री वीक या स्पर्धेला जातो तिने तो आठवडा एकाच सामन्याच्या दोन शनिवारांच्या मध्ये येऊ देऊ नये, थकलेले बोलर परत येतात. खालचे चार ४० ओव्हरचेच खेळतील. ते एकमेकांशी दोनदा खेळले तरी तेवढेच सहा शनिवार. गेल्या सुगीत ज्याचा संघ सातावर आला होता त्याच्यावर दोन दिवसांचा सामना लादायचा नाही आणि ज्याला तो हवा त्याच्याकडून काढून घ्यायचा नाही, एवढंच हे साधतं. अंतिम फेऱ्या मार्चच्या मध्यापर्यंत संपवा. लेबर डेचा वीकएंड टाळा. मार्चच्या उत्तरार्धात फुटबॉलचे सराव सामने सुरू होतात, आणि ग्रँड फायनलला तुमचा वेगवान बोलर पायाला पट्टी बांधून आलेला दिसतो.

दोन दिवसांच्या सामन्यासाठी आणखी एक स्थानिक नियम मागून घ्या: दोन शनिवारांना मिळून बारा-तेरा नावं द्यायची मुभा, आणि एक जण पहिल्या शनिवारी तर दुसरा दुसऱ्या शनिवारी त्याच जागेवर. क्रिकेटच्या कायद्यानुसार बदली खेळाडूला बॅटिंग-बोलिंग करता येत नाही, म्हणून हे पोटनियमात स्पष्ट लिहावं लागतं. जोडी नाणेफेकीआधी दोन्ही कॅप्टनांना कळवायची, नंतर बदलायची नाही. जोडीतला पहिला बाद झाला असेल तर दुसऱ्याला त्या डावात बॅट मिळणार नाही. हे शेवटचं वाक्य विसरलात तर पहिल्याच महिन्यात भांडण होईल.

खर्चाचा मुद्दा सभेत कोणीतरी उलटा मांडेल, म्हणून सांगतो. छोटे सामने स्वस्त नसतात. दोन दिवसांच्या सामन्यात दोन शनिवारांत दोन नवे चेंडू जातात, एकदिवसीय सामन्यात दर शनिवारी दोन. चेंडूंचा खर्च सरळ दुप्पट. टर्फ असेल तर दोन दिवसांच्या सामन्याला एकच पट्टी पुन्हा पाणी-रोलर करून वापरता येते. दर आठवड्याला नवा सामना म्हणजे नवी पट्टी, आणि वापरलेल्या पट्टीला गवत धरायला महिनाभर तरी द्यावा लागतो. रोलरवर बसणारा माणूस बहुतेक गावांत एकच असतो आणि तो सत्तरीचा असतो. त्यामुळे टर्फ ए ग्रेडपुरतं ठेवा, बाकी सगळं सिंथेटिकवर. सिंथेटिकवर दोन तुकड्यांचा चेंडू चालतो, चार तुकड्यांचा महागडा चेंडू त्या खरखरीत पृष्ठावर लवकर सोलवटतो. हिवाळ्यात तेच मैदान फुटबॉलचं असल्याने काँक्रीटची पट्टी झाकावी लागते; माती टाकून झाकत असाल तर सप्टेंबरात ती काढून, कृत्रिम गवताच्या गालिच्यातले खडे झाडून, शिवणी तपासा. उसवलेली शिवण म्हणजे एक चेंडू घोट्याला आणि दुसरा छातीवर.

खेळाडू आणायचे कुठून? पहिला स्रोत तुमच्याच वहीत आहे. प्लेएचक्यूवर (नोंदणी आणि धावफलकांची ऑनलाइन यंत्रणा) किंवा जुन्या स्कोअरबुकात गेल्या चार-पाच मोसमांत खेळून थांबलेल्यांची नावं काढा आणि एकेकाला फोन करा. मेसेज नको, फोन. "परत येणार का?" असं विचारलं की उत्तर "बघतो" येतं. त्याऐवजी विचारा, "नऊ जणांचा, पाच वाजता संपणारा सामना असेल तर मोसमात किती शनिवार देशील?" चार म्हणाला तर चार घ्या. चार-चार शनिवार देणारे सहा जण म्हणजे चोवीस जागा, बी ग्रेडच्या बऱ्याच भोकांना ठिगळ लागतं. वर्गणीही सामन्यागणिक घ्या. चार सामन्यांसाठी पूर्ण मोसमाची फी कोणी भरत नाही.

उपलब्धता सप्टेंबरातच मागा, आणि ती "कुठले शनिवार जमणार नाहीत" अशी. शिफ्टवाल्यांचं रोस्टर निघेल तसं सुधारून घ्या. ग्रुपवरची विचारणा सोमवारी, ती बुधवारी रात्री बंद, संघ गुरुवारच्या नेटनंतर. शुक्रवारी रात्री अकरावा माणूस शोधणारा सेक्रेटरी दोन मोसमांत राजीनामा देतो.

दुसरा स्रोत मुली आणि बायका. त्यांना शनिवारच्या ठरलेल्या रचनेत कोंबू नका. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, नऊ-नऊ जणींचा, १६ ओव्हरचा सामना डेलाइट सेव्हिंगमुळे डिसेंबर-जानेवारीत उजेडातच संपतो. एका क्लबाला नऊ जमत नसतील तर शेजारच्या दोन क्लबांनी मिळून एक संघ करा. कपडे बदलायला नीट खोली आणि स्वच्छ टॉयलेट नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

तिसरा स्रोत म्हणजे तुमच्यासारखेच लोक. ४९१ व्हिसावर आलेल्यांना कायमच्या परवान्याआधी तीन वर्षं रीजनल भागात काढावी लागतात, म्हणजे निदान तीन मोसम. शेपार्टन, मिल्ड्युरा, बेंडिगो, बॅलराट, सगळीकडे मराठी, पंजाबी, मल्याळी, गुजराती तरुण आहेत आणि त्यांतले बरेच रविवारी पार्किंगमध्ये टेनिस बॉल खेळताना दिसतात. त्यांना क्लबात आणताना तीन गोष्टी आड येतात. एक, लेदर बॉलची भीती, जी रास्त आहे: सिंथेटिकवर चेंडू छातीपर्यंत उसळतो, आणि टेनिस बॉलवर पुढच्या पायावर आडवा मारायची सवय असलेल्याला तो नेमका हातावर बसतो. पहिले दोन आठवडे नेटमध्ये मऊ सरावाचा चेंडू, नंतर दोन आठवडे खरा चेंडू पण आखूड टप्प्याचा, फक्त मागच्या पायावर खेळायला. हेल्मेट आणि थाय पॅड क्लबाचं द्या. बूट रबरी तळाचे, सिंथेटिकवर लोखंडी स्पाइक चालत नाहीत. दोन, किटचा खर्च; तीन-चार पूर्ण किट क्लबात ठेवली की तो प्रश्न मिटतो. तीन, सामन्यानंतरची बैठक. बिअर आणि सॉसेज एवढंच असेल तर न पिणारा, मांस न खाणारा माणूस पाच मिनिटांत निघतो आणि कोणाशी ओळख होत नाही. एक ट्रे बटाटेवडे ठेवून बघा, गावकरीच आधी संपवतील.

सगळ्या भारतीयांचा वेगळा बी ग्रेड संघ करायचा मोह टाळा. पहिला मोसम मजेत जातो, पण ते आणि बाकीचा क्लब दोन बेटं होतात, आणि तिघांनी परवाना मिळाल्यावर मेलबर्न गाठलं की अख्खा संघ कोसळतो. दोन-तीन जण प्रत्येक संघात मिसळा. तेच लोक कमिटीत घेताना मात्र प्रत्येक कामाला दुसरा जोडीदार द्या, कारण त्यांतले काही जाणार हे गृहीतच धरायचं.

सभेत कोणीतरी विलीनीकरणाचा मुद्दा काढेल. १८-१८ खेळाडूंचे दोन क्लब एक केले की कागदावर ३६ होतात, पण दोन कॅप्टन, दोन यष्टिरक्षक, चार सलामीवीर यांतले निम्मे मनातून दुखावतात आणि ज्या गावाचं मैदान बंद होतं तिथली मुलं पन्नास किलोमीटर प्रवास करून सरावाला येत नाहीत. आधी फक्त ज्युनियर आणि बी ग्रेड संयुक्त करा, ए ग्रेड, नाव, टोपीचा रंग तसाच ठेवा. दोन मोसमांनंतर एकत्र यायचं की नाही ते आपोआप कळतं. बाहेरून पैसे देऊन कॅप्टन आणण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ए ग्रेडला अकरा चांगले मिळवण्यासाठी खर्च केलेला डॉलर बी ग्रेडमध्ये एकही माणूस वाढवत नाही. तोच पैसा आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना शिकवणाऱ्याला द्या.

दुरुस्ती सभेच्या दिवशी तोंडी मांडू नका. असोसिएशनच्या घटनेत नोटिशीची मुदत लिहिलेली असते, त्याआधी लेखी द्या आणि अनुमोदनाला अशा क्लबाची सही घ्या ज्याच्याकडे तीन संघ आहेत. दुबळ्या क्लबांची मागणी म्हणून ती बाजूला सारली जाणार नाही. ठरावात 'एक मोसम प्रायोगिक' असं लिहा आणि मोसमअखेर काय मोजायचं तेही: प्रत्येक ग्रेडमध्ये सोडलेले सामने, सहा किंवा जास्त सामने खेळलेले खेळाडू, आणि वीस वर्षांखालच्यांपैकी पुढच्या मोसमात परत आलेले. तिन्ही आकडे प्लेएचक्यूवरच्या नोंदींतून निघतात. मागच्या मोसमाचे आजच काढून ठेवा, नंतर तुलनेला काही उरत नाही.

आणि दुरुस्ती पडली तरी बी ग्रेडपुरती एक वाट उरते. क्रिकेटच्या कायद्यातला पहिलाच कायदा आपसांत ठरवून अकरापेक्षा कमी किंवा जास्त खेळाडूंनी सामना खेळायला परवानगी देतो. अट एवढीच की एका वेळी मैदानात अकरापेक्षा जास्त नकोत. असोसिएशनचे स्पर्धा नियम वेगळं सांगत नाहीत ना, ते सेक्रेटरीकडून लेखी विचारून घ्या, आणि तुमच्यासारखेच सात-आठवर आलेले दोन-तीन क्लब असतील त्यांच्याशी सप्टेंबरातच बोला. प्रत्येक सामन्याआधी गुरुवारी दोन्ही कॅप्टनांनी संख्या सांगायची. एकाकडे बारा आणि दुसऱ्याकडे आठ असतील तर दोघे इकडून तिकडे, दहा-दहा, आणि उधार दिलेल्यांना बोलिंग आणि बॅटिंग दोन्ही द्यायची. नुसतं फिल्डिंगला उधार दिलेला मुलगा दुसऱ्यांदा जायला तयार होत नाही.